‘लिव’ होडीवर कोणी नव्हते

मी, एलिंग होविक, वय वर्षे एकोणपन्नास, अविवाहित, धंदा सामन मासेमारी, राहणार सोलविक, अलास्का, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. कोणी मला धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. दारू मी पीत नाही. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. हात मात्र अजून थरथरतो, तेव्हा अक्षराबद्दल वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. आजपासून एकोणीस दिवसांपूर्वी मी समुद्रात पडलो आणि मेलो नाही. हे वाक्य लिहिल्यावर मी उठून थोडा वेळ दारात जाऊन उभा राहिलो. अजून पटत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिलेच आहे.

माझ्यामागे घर राहील, ‘आस्ता’ नावाची होडी राहील, प्लगांची पेटी राहील आणि बँकेत थोडी शिल्लक. त्यांची वाटणी खाली केली आहे. पण हा कागद मुळात त्यासाठी नाही. माझा धाकटा भाऊ हाल्दोर अकरा वर्षांपूर्वी बुडाला. त्याचा दोष या गावाने आमुंड सेत्रेच्या माथी मारला, आणि सुरुवात मी केली होती. तो दोष खोटा आहे. आमुंडच्या माथ्यावरून तो उतरावा एवढ्यासाठी मी लिहायला बसलो आहे. घर आणि होडी यांची कलमे आधी घेतो, कारण अवघड गोष्टीला हात घालण्यापूर्वी माणसाला थोडी सरावाची कामे लागतात.

कलम १. मी जमिनीवर मेलो तर चर्चमागे आईवडिलांच्या उजव्या हाताला जागा आहे, तिथे पुरावे. त्यांच्या डाव्या हाताला हाल्दोरचा दगड आहे. खाली हाल्दोर नाही; तो सापडलाच नाही. मीही समुद्रात गेलो आणि सापडलो नाही, तर माझ्यासाठी वेगळा दगड आणू नये. हाल्दोरच्या दगडावर खाली जागा आहे, तिथे माझे नाव कोरावे. मात्र त्याची विधवा गुनवोर हिची हरकत नसेल तरच. भाषण नको. पाद्री लुन्डे यांच्या तोंडी मेलेला प्रत्येक माणूस चार बोटे उंच होतो, आणि माझ्या बाबतीत ते शोभणार नाही. स्तोत्र एकच म्हणावे, सर्वांना पाठ असलेले. नंतरची कॉफी दाट करावी. माझ्या आईच्या वेळी ती इतकी पातळ होती की लोकांना रडण्याऐवजी एकमेकांकडे बघावे लागले.

कलम २. घर, त्यातल्या सामानासकट, गुनवोर होविक हिला द्यावे. हे घर माझ्या वडिलांनी बांधले. उत्तरेच्या खिडकीखाली वाऱ्याच्या दिवशी पाणी येते, तिथे घडी केलेले पोते ठेवावे. चुलीचे झाकण उजव्या बाजूनेच उचलावे. जिन्याची तिसरी पायरी कुरकुरते, पण मोडत नाही; वडील ती मुद्दाम दुरुस्त करत नसत, कारण आम्ही दोघे भाऊ घरी कधी परततो ते त्यांना त्या पायरीवरून कळे. बँकेतली शिल्लक निम्मी गुनवोरला, निम्मी चर्चच्या छपराला.

कलम ३. प्लग. पेटीत एकूण बासष्ट आहेत. हा कागद उद्या जूनोच्या एखाद्या न्यायाधीशापुढे गेला आणि तो मासे फक्त ताटात ओळखत असला, तर त्याच्यासाठी लिहितो. प्लग म्हणजे गळ लावलेला लाकडी मासा, वीतभर लांब. आम्ही ओढीचे कोळी. होडी हळू चालत ठेवायची, माणूस चालतो तेवढी. दोन्ही बाजूंना लांब काठ्या, त्यांवरून पोलादी तारा पाण्यात सोडलेल्या, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा, आणि तारेवर ठरावीक अंतरावर दोरीने बांधलेले प्लग. ते बारा, पंधरा, वीस वाव (वाव म्हणजे सहा फूट) खोल डुलत येतात आणि राजा सामन, सामनांतला सर्वांत मोठा, त्यांना हेरिंग ही बारकी मासळी समजून धरतो. धरला की काठीच्या टोकाची घंटी वाजते. मग हाताच्या रहाटाने तार वर घ्यायची.

माझे प्लग पिवळ्या देवदाराचे आहेत आणि मीच कोरलेले आहेत. वडील म्हणत, “मेलेल्या माशाच्या मागे कोणी धावत नाही, आणि धडधाकट मासा कोणाला सापडत नाही. तुझा प्लग जखमी दिसू दे.” ते जखमी दिसणे नाकातल्या कडीवर असते. कडी केसभर वाकवली की प्लग लंगडतो, दोन केस वाकवली की गरगर फिरतो आणि मासा हसून निघून जातो. प्रत्येक लाकडाची कडी निराळी. मी प्रत्येक प्लग धक्क्याखालच्या भरतीच्या पाण्यात ओढून बघत आलो आहे. पोटावर ज्यांच्या खिळ्याने फुली केली आहे ते एक्केचाळीस चांगले आहेत. ते आमुंड सेत्रेला द्यावेत.

फुली नसलेले वीस यालमार ब्राटनेस याला द्यावेत. ते सगळे उजवीकडे पळतात. यालमार बावीस वर्षे रेडिओवर मला विचारतो, “काय रे होविक, आज कुठल्या रंगावर?” आणि मी सांगतो, “लाकडी रंगावर.” मग तो म्हणतो, “देवभोळा माणूस असून खोटं बोलतोस?” मी म्हणतो, “खोटं कुठे बोललो? लाकूडच आहे.” तो स्वतः मात्र लाल म्हणतो तेव्हा हिरव्यावर धरत असतो, हे सगळ्या बंदराला ठाऊक आहे. उरलेला एक, चकाकणारा पांढरा, तोही त्यालाच द्यावा आणि सांगावे की ती चकाकी रंगाची नव्हे. हेरिंगचे खवले वाळवून, कुटून, लाखेत घोटले आहेत. आता त्याला झोप लागेल. त्याच्यावर माझा आणखी कसला राग नाही. पुढच्या कलमात त्याचे नाव येईल, तेव्हा हे वाक्य लक्षात ठेवावे.

कलम ४. ‘आस्ता’ होडी, तिचे इंजिन, काठ्या, तारा, रहाट आणि रेडिओ यांसह, आमुंड सेत्रे याला द्यावी. कारण सांगणे भाग आहे.

३१ ऑगस्ट रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी बाहेरच्या उथळावर, मासे जमतात त्या पट्ट्यावर, एकटा होतो. आम्ही बहुतेक जण एकटेच जातो. सुकाणू दोरीने बांधलेले असते, होडी आपली आपण चालते आणि माणूस मागच्या खळग्यात उभा राहून तारा ओढतो. डाव्या काठीची घंटी वाजली. चांगला मासा होता. तो काठाशी आला, मी आकडी घेऊन वाकलो, होडी एका लाटेवरून घसरली आणि मी पाण्यात होतो. आरडाओरडा नाही, काही नाही. एका श्वासाला होडीत, दुसऱ्या श्वासाला बाहेर.

पाण्याचा गारठा मी वर्णन करणार नाही. मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘आस्ता’ पुढे चालली होती. त्याच गतीने, सरळ, दोन्ही काठ्या पसरून, धुराड्यातून नीट धूर सोडत. तिला माझ्यावाचून काही अडले नव्हते. उजवीकडची घंटी वाजायला लागली. मासा लागला होता. मी बुडत होतो आणि माझी होडी मासे धरत होती. सव्वीस वर्षे मी त्या होडीला ‘माझी’ म्हणत आलो.

मागच्या तारा होडीपासून लांब राहाव्यात म्हणून त्यांना लाकडी बोये बांधलेले असतात. डावा बोया माझ्या अंगावरूनच जात होता, मी त्याला मिठी मारली. त्याखालच्या पहिल्याच प्लगचा गळ माझ्या मांडीत शिरला. मीच कोरलेला, मीच कडी वाकवलेला. वेदना झाली असणार, मला आठवत नाही. मला एवढेच कळले की आता हात सुटला तरी मी होडीच्या मागेच जाणार. कापड फाटेल किंवा मांस फाटेल, पण काही वेळ तरी मी बांधलेला आहे. देवाचे आभार मानावेत की दयेची याचना करावी हे सुचेना, म्हणून मी नुसते ‘प्रभू, प्रभू’ म्हणत राहिलो.

मग यालमार आला. त्याची होडी दीडशे वावांवरून समोरून येत होती. मी ओरडलो, पण दोन इंजिनांच्या आवाजात बोयामागचे डोके कुठे ऐकू जाणार! यालमारने ‘आस्ता’कडे पाहिले. रिकाम्या केबिनीला हात केला आणि शिष्टाचाराप्रमाणे सुकाणू फिरवून दूर निघून गेला.

यालमारला दोष नाही. आमच्यात रीतच आहे. दुसऱ्याच्या होडीवर माणूस दिसला नाही तर तो खळग्यात वाकून मासे साफ करत असेल, खाली कॉफी उकळत असेल, असे धरून चालायचे. आणि दुसरा माशांवर असला तर त्याच्या होडीत डोकावायचे नाही. त्याच्या तारा कुठे, त्याचा रंग कोणता, हे बघायला आल्यासारखे होते. सभ्य माणूस नजर वळवतो. मी पंचवीस वर्षे अशीच नजर वळवत आलो आहे. त्या दिवशी पाण्यातून मला पहिल्यांदा दिसले की सभ्य माणूस लांबून कसा दिसतो.

त्यानंतर आमुंड आला.

आमुंड सेत्रेला बंदरात सगळे ‘डोकी मोजणारा’ म्हणतात. गेली अकरा वर्षे ज्या होडीवर त्याला माणूस दिसत नाही तिच्याजवळ तो जातो, भोंगा वाजवतो आणि डोके वर येईपर्यंत हलत नाही. त्यापायी त्याने कितीतरी जणांच्या तारा गुंतवल्या, मासे घालवले. रेडिओवर लोक म्हणतात, “जरा थांबा रे, डोकं दाखवून येतो, नाहीतर आमुंडला जेवण जाणार नाही.” दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्याच तारेवरून होडी नेली आणि माझे चार प्लग गेले. मी खळग्यातून ताडकन उभा राहिलो.

“हे घे माझं डोकं! मोजलंस? एकच आहे!”

“दिसत नव्हतं,” तो म्हणाला.

“नऊ वर्षांपूर्वी मोजायचं नाही सुचलं तुला!”   त्याने भोंगा एकदा हळू वाजवला आणि गेला.

३१ ऑगस्टला तोच भोंगा मी ऐकला. त्याने हाका मारल्या, ‘आस्ता’ला एक फेरी घातली, मग मागे पाहिले. डावा बोया बसावा त्यापेक्षा खोल बसला होता. बाकी कोणालाही ते दिसले नसते. त्याने मला आकडीने कॉलरला धरून ओढून घेतले. तो बासष्ट वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणाले, पंचवीस मिनिटे झाली होती. त्या पाण्यात पाऊण तासाच्या पुढे कोणी जगत नाही.

होडी त्याला देण्याचे कारण हे, असे कोणाला वाटेल. हे निम्मेच कारण आहे.

कलम ५. १४ जुलै १९५० रोजी सकाळी नऊ वाजता माझा भाऊ हाल्दोर रेडिओवर बोलला. ते सर्वांनी ऐकले होते. अकरा वाजता आमुंड त्याच्या ‘लिव’ होडीजवळून गेला, त्याला होडीवर कोणी दिसले नाही, आणि रीतीप्रमाणे तो पुढे गेला. हे त्याने स्वतःच संध्याकाळी सांगितले. कोणी विचारलेही नव्हते. दुपारी तीनला ‘लिव’ खडकांवर लागली. तारा सोडलेल्या, इंजिन चालू, माणूस नाही. नऊ आणि अकरा यांच्यामध्ये हाल्दोर केव्हा पडला हे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून आमुंड वळला असता तर तो वाचला असता, असे म्हणायला जागा राहिली. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सर्वांसमोर मी ते म्हणालो. “तू रिकामी होडी पाहिलीस आणि पुढे गेलास.” गुनवोर माझ्या शेजारी उभी होती. त्या दिवसापासून आमुंड मागच्या बाकावर एकटा बसतो.

मी सर्वांना सांगितले की त्या दिवशी मी दक्षिणेच्या उथळावर होतो. मी तिथे नव्हतो. साडेनऊ वाजता मी ‘लिव’पासून शंभर वावांवरून गेलो. तिच्यावर कोणी नव्हते.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. देवालाही नाही. रोज रात्री मी त्याला बाकी सगळे सांगत आलो, जणू मी सांगेन तेवढेच त्याला कळते.

नऊ वाजता रेडिओवर हाल्दोर माझ्याशीच बोलला होता. त्याने एक नवा प्लग कोरला होता आणि दोन दिवस माझ्या दुप्पट मासे धरत होता. मी विचारले, “रंग कोणता?”

“मोठ्या भावाला लहान भाऊ रंग सांगत नसतो,” तो हसून म्हणाला. “घरी ये, गुनवोर माशाचं सार करतेय. पोट भरल्यावर बघू.”

मी बोलणे तोडले. अर्ध्या तासाने ‘लिव’ समोर आली तेव्हा होडीवर कोणी दिसले नाही. तो मला चिडवायला खाली लपलाय, असे माझ्या मनात आले. आणि मी नजर वळवली. रीत होती म्हणून नव्हे. रीत कामी आली एवढेच. मी फुगलो होतो.

म्हणजे हाल्दोर नऊ आणि साडेनऊच्या मध्ये पडला. मी गेलो तेव्हा तो फार तर अर्धा तास पाण्यात होता. आमुंड अकराला गेला तेव्हा करण्यासारखे काहीच उरले नव्हते. आमुंडचा यात कणभर दोष नाही. हे वाक्य न्यायाधीशाने, पाद्रीने आणि यालमारने दोनदा वाचावे.

आता राहिलेले निम्मे. आमुंडने मला केबिनीत आडवा केला, चुलीजवळ, आणि मांडीतला गळ काढायला पकड घेतली. माझे दात वाजत होते. मी म्हणालो, “आमुंड, हाल्दोरच्या दिवशी साडेनऊला...”

“हलू नकोस. गळ आत आहे.”

“साडेनऊला मी तिथून गेलो होतो.”

“माहीत आहे,” तो म्हणाला आणि पकडीने गळाचे टोक तोडले.

 पाण्यात पडताना बसला नव्हता एवढा धक्का मला त्या दोन शब्दांनी बसला. मी विचारले, “कसं?”

“दुर्बीण होती माझ्याकडे. पांढरी होडी, हिरवी कड. सोलविकमध्ये दुसरी कुठली आहे? मला वाटलं, भाऊ भावाला भेटून निघालाय. म्हणून तर अकराला मी बिनघोर पुढे गेलो. म्हटलं, एलिंग मघाशीच बघून गेलाय.”

“मग तळघरात बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तुझा भाऊ गेलेला. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलतोय. आणि गुनवोर तिथंच होती. नवरा तर गेलाच, दीरही काढून घेऊ तिचा?” त्याने जखमेवर फडके दाबले. “धर हे. घट्ट. आणि मला वाटलं, तूच बोलशील. आज नाही तर नाताळपर्यंत.” मग कॉफी ओतताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, “इतका वेळ लावशील असं नव्हतं वाटलं बाबा.”

हाल्दोर गेल्यापासून तो रिकाम्या होड्यांजवळ जातो. ज्या चुकीसाठी गावाने त्याला धरले ती त्याची नव्हतीच, हे त्याला एकट्याला पक्के ठाऊक होते. तरी तो जातो. मी कितीही दिवस यावर विचार केला तरी माझी मती पुढे जात नाही.

कलम ६. हे कलम सोमवार, २५ सप्टेंबर रोजी लिहीत आहे. वरचा मजकूर १९ तारखेचा. तो पाकिटात घालून, लाख लावून, माझ्या मृत्यूनंतरच उघडावा अशी सूचना मी पाकिटावर लिहिलीही होती.

काल चर्चमध्ये आमुंड मागच्या बाकावर बसला होता. मला अचानक हिशेब समजला. माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी गेले, आजोबा नव्वदीला टेकले होते. मी त्यांच्या वळणावर गेलो तर आमुंडचे नाव तो मेल्यावर वीस वर्षांनी स्वच्छ होणार. मी मृत्युपत्र लिहून लपायला आणखी एक जागा शोधली होती, तीही कायदेशीर. स्तोत्र चालू असताना मी खाली बसलो. पाद्रींना वाटले मांडी दुखते.

म्हणून आज दुपारी मी गुनवोरला, आमुंडला आणि टपालखात्याच्या थोरा नेस बाईंना घरी बोलावले. गुनवोर आमुंडला पाहून दारातूनच परत फिरली. मी म्हणालो, “गुनवोर, आत ये. हाल्दोरबद्दल आहे.” ती आत आली, पण बसली नाही. मी पाकीट फोडले आणि पहिल्या ओळीपासून कलम पाचच्या शेवटापर्यंत मोठ्याने वाचले. मध्ये फक्त यालमारच्या वीस प्लगांना थोरा एकदा हसली. नंतर कोणी हसले नाही.

वाचून झाल्यावर गुनवोर म्हणाली, “साडेनऊला?”

“साडेनऊला.”

“मी सार चुलीवर ठेवलं होतं.” तिने टेबलाकडे पाहिले. “तू रोज माझ्या टेबलाशी जेवलास, एलिंग. अकरा वर्षं. मी वाढलं तुला.”

“हो.”

“सार संपलं की म्हणायचास, हाल्दोर असता तर त्याला आवडलं असतं.”

 ते मी खरेच म्हणत असे.

ती आमुंडकडे वळली. “आणि तू! दर नाताळला माझ्या दाराशी धुरी दिलेला मासा कोण ठेवतं मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? मी तो समुद्रपक्ष्यांना टाकला. दर वर्षी. तुझ्यादेखत.”

“पाहिलं मी,” आमुंड म्हणाला. “पक्षी चांगले धष्टपुष्ट झालेत तुझ्या दारातले.”

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होते की दुसरे काही, मला सांगता येणार नाही. ती खुर्चीवर बसली, आमुंडसमोरच्या. माझ्याकडे पाठ करून.

थोरा म्हणाली, “चला, सह्या उरका. दोन साक्षीदार लागतात. एक मी. पाद्री केचिकानला गेलेत, गुरुवारी येतील.”

आमुंडने टेबलावरची लेखणी उचलली.

“तुझी नाही चालत,” थोरा म्हणाली. “तुला होडी मिळतेय ना. कायदाच आहे तसा. साक्षीदार झालास तर होडी गेली, प्लगही गेले.”

“मग गेले.”

“आमुंड,” मी म्हणालो, “पाद्री गुरुवारी येतायत. तीन दिवसांचा प्रश्न आहे. ‘आस्ता’ तुझ्या होडीपेक्षा नवी आहे.”

“मला एक होडी आहे. दोन होड्यांवर एक म्हातारा काय करणार?” तो म्हणाला. “या गावात अकरा वर्षांत कुठल्या कागदावर कोणी माझी साक्ष घेतली नाही, एलिंग. ना लग्नाला, ना बारशाला. या कागदाला मी साक्षीदार राहणार. तू गप बस.”

गुनवोर न वळता म्हणाली, “करू दे त्याला सही.”

म्हणून कलम ३ मधले एक्केचाळीस प्लग आणि कलम ४ मधली होडी आमुंडच्या नावे राहत नाहीत. दोन्ही विकून येईल ते चर्चला द्यावे. त्यातून बंदराच्या तोंडाशी एक भोंगा बसवावा. घराविषयी गुनवोर म्हणाली की ते तिला हवे की नको हे ती आज सांगणार नाही, आणि मी विचारू नये. तिने घेतले नाही तर घरही चर्चला जावे. कलम १ मधल्या दगडाबद्दल मी तिला विचारलेले नाही.

हा कागद बंद पाकिटात ठेवू नये. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कलम ५ मी स्वतः वाचीन. ते झाल्याखेरीज मृत्युपत्र पुरे झाले असे धरू नये.

हे सर्व माझ्या इच्छेप्रमाणे लिहिले आहे, वाचून दाखवले आहे, आणि खालील दोघांच्या समोर मी सही केली आहे.

मुक्काम सोलविक, सोमवार, २५ सप्टेंबर १९६१.

(सही) एलिंग होविक

साक्षीदार:

१. (सही) थोरा नेस, टपालखाते, सोलविक. सही करणाऱ्याचा हात थरथरत होता, पण तो शुद्धीत होता. आम्हा बाकीच्यांबद्दल खात्री देत नाही.

२. (सही) आमुंड सेत्रे, कोळी, सोलविक.

खालील ओळी गुनवोर होविक हिने, साक्षीदार नसताना, स्वतः लेखणी मागून घेऊन लिहिल्या:

मी हे सगळे ऐकले. क्षमा केली असे कोणी यात लिहू नये. रविवारी मी तळघरात येईन आणि आमुंडच्या शेजारी बसेन.

गुनवोर